कमरेच्या पाकिटातला दुसरा पासपोर्ट

शीतल चौगुलेनं प्रागच्या सहलीत पासपोर्ट हरवला नव्हता. ती तो विसरलीही नव्हती. तो दोन दिवस माझ्या कमरेच्या पाकिटात, माझ्या पासपोर्टला चिकटून होता, आणि तिथं तो मी ठेवला होता, तिला न विचारता.

हे आधीच सांगतो, कारण ही सहल मी याआधी एकदा सांगितलेली आहे. राजारामपुरीतल्या आमच्या मित्रमंडळात, पडद्यावर फोटो दाखवून, चहा-भडंगाबरोबर. त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा मिळाला तो सीमेवरच्या प्रसंगाला. त्यातली विसराळू मुलगी मी तयार केली होती. जे हसले त्यांनी, आणि जे तिथं नव्हते त्यांनीही, आता खरी हकिकत वाचावी.

मी बावन्न वर्षांचा. इथं कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात धातूचं ओतकाम शिकवतो. यंदाच्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात याच विषयाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करायला मी गेलो. तीस वर्षांनी पुन्हा विद्यार्थी झालो. शेजारच्या बाकावर शीतल होती. ती आठ वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात शिकून गेली, आता एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करते. निघायच्या आदल्या आठवड्यात तिचे वडील घरी आले होते. कागलच्या पुढं त्यांचं गाव, थोडा ऊस, चार म्हशी. दुधाची किटली स्वयंपाकघरात देऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, पोरगी तुमच्या भरवशावर सोडतोय. ध्यान ठेवा म्हंजे झालं."

"चौगुले, काळजी सोडा," मी म्हणालो. त्या वाक्याचं ओझं मी त्यांच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

तिथं गेल्यावर मात्र उलटंच झालं. शीतलनं इथंच वर्षभर जर्मनचा क्लास केला होता. वर्गात काय चाललंय ते मी तिच्याकडं वाकून विचारायचो. दुकानात, बसमध्ये, डॉक्टरकडं तीच बोलायची. मी मागं उभा राहून मान हलवायचो. शिकवणाऱ्या माणसाला हे सोसत नाही, हे मला तिथं जाऊन कळलं.

शुक्रवार

दोन दिवस सुट्टी जोडून आली. प्राग बसनं दोन-अडीच तासांवर. देश बदलतो, भाषा बदलते, नाणं बदलतं, पण जाताना सीमेवर कुणी थांबवलंसुद्धा नाही. आपल्याकडं कागलचा नाका ओलांडून निपाणीकडं जाताना पाट्या तरी कानडी झालेल्या दिसतात. इथं डुलकीत एक सरहद्द निघून गेली. मला ते बरं वाटलं नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट कुणी न बघता कशी सोडून देतात, असं वाटत राहिलं.

वसतिगृहासारखं स्वस्त हॉटेल होतं, दोघांना वेगवेगळ्या मजल्यांवर खोल्या. काउंटरवरच्या मुलीनं आमचे पासपोर्ट घेतले, झेरॉक्स काढली आणि दोन्ही एकत्र माझ्यासमोर ठेवले. शीतल तेव्हा चार पावलांवर भिंतीवरचा शहराचा नकाशा बघत होती. मी दोन्ही पासपोर्ट उचलले, कमरेच्या पाकिटात सरकवले आणि चेन ओढली.

आमच्याकडं ही पद्धतच आहे. तिरुपतीला जा, गणपतीपुळ्याला जा, सगळ्यांची तिकिटं आणि आधार कार्डं घरातल्या कर्त्या माणसाच्या पाकिटात. माझे वडील असंच करायचे. माझ्या बायकोनं, सुनीतानं, पंचवीस वर्षांत स्वतःचं तिकीट स्वतःच्या हातात धरलेलं मला आठवत नाही. त्यामुळं हात आपोआप गेला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. हात आपोआप गेला; पण नंतर मी तोंड मुद्दाम बंद ठेवलं. सांगितलं असतं तर तिनं पासपोर्ट परत मागून घेतला असता, हे मला माहीत होतं. त्या शहरात तेवढी एकच गोष्ट माझ्या ताब्यात होती.

शनिवार

शहर सुंदर आहे. हे मी मोकळेपणानं लिहू शकत नाही, कारण मी ते एक हात पोटावर ठेवून पाहिलं. पाकीटमारांपासून सावध राहा, असं शीतलनंच मला मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. पुतळ्यांच्या त्या जुन्या दगडी पुलावर आपल्या जत्रेएवढी गर्दी. दोन्ही बाजूंना काळवंडलेले पुतळे, खाली संथ नदी, नदीत बदकं आणि पायडलच्या होड्या. मी बघत होतो ते लोकांच्या हातांकडं.

"सर, पोट दुखतंय काय?" शीतलनं विचारलं.

"नाही. का?"

"मग हात कशाला धरलाय पोटावर सकाळधरनं? एखादा म्हणंल, ह्यांच्या पोटातच पैसं हायत."

पलीकडच्या टेकडीवर राजवाडा. पायऱ्या चढताना पन्हाळ्याची आठवण झाली, पण पन्हाळ्यावर गाडी थेट आत जाते, कणसं भाजणाऱ्या मावशी हाक मारतात, वारा अंगावर येतो. इथं तपासणीची रांग, रांगेत कुणी बोलत नाही, कुणी पुढं घुसत नाही. वरून लाल कौलांचा समुद्र दिसतो. एवढी कौलं एकत्र मी लहानपणी पाहिली होती, शाहूपुरीत आत्याच्या माडीवरून. आता तिथं सगळीकडं पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत. हे शीतलला सांगावंसं वाटलं. मी सांगितलंही. ती छान ऐकत होती. मग मी तिला म्हणालो, कठड्याजवळ जाऊ नकोस.

जमिनीखालच्या मेट्रोकडं नेणारे सरकते जिने भलतेच खोल आणि भलतेच जोरात पळतात. पहिल्या पायरीपाशी माझा पाय उचलेना. मागं माणसं खोळंबली. शीतल खाली जायला लागली होती, ती उलट्या पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आली, हात पुढं करून म्हणाली, "धरा सर. माज्या आईला मॉलमध्ये असंच नेतो मी." गाडीत शिरल्यावर एका तरुणानं मला उठून जागा दिली. मी नको म्हणालो. तो उभाच राहिला. शेवटी बसलो. शीतल खिडकीकडं तोंड करून हसत होती.

जेवायला एका जुन्या खानावळीत गेलो. तिथं अनोळखी माणसं एकाच लांब टेबलाला बसतात. आमच्यासमोर एक म्हातारं जोडपं होतं. मांसाचा पातळ गोडसर रस्सा आणि त्यात बुडवायला मैद्याच्या उकडीचे जाड काप. काप मऊ, पोट भरणारे, पण त्यांना चव अशी कसलीच नाही. मी खिशातून कांदा-लसूण चटणीची डबी काढली. म्हातारबुवांनी खुणेनं विचारलं, काय आहे. मी त्यांच्या ताटात चिमूटभर टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पाणी प्यायले, त्यांनी नाक पुसलं आणि ताट पुन्हा पुढं केलं. त्यांना जर्मन येत होतं. शीतलनं विचारलं, तिखट जास्त झालं का. ते काहीतरी बोलले आणि बायकोनं त्यांच्या दंडावर चापट मारली.

"काय म्हणाले?"

"चाळीस वर्षं बायकोला विचारल्याबिगर ताटात मीठ-मिरची पडत न्हवती, आज पयल्यांदा कुणी न विचारता वाढलं म्हणं."

सगळे हसले. मीही हसलो. तासाभराचाच तो मुक्काम, पण त्या दोन दिवसांतला तेवढाच वेळ माझा हात पोटावर नव्हता.

बाहेर पडताना शीतल म्हणाली, "सर, मला हितं राहाय आवडंल. म्हंजे कामासाठी. दोनेक वर्षं." ड्रेस्डेनच्या ज्या कारखान्यात आमचं प्रात्यक्षिक चालायचं, तिथल्या मुख्य बाईंनी तिला तसं विचारलंही होतं. मी म्हणालो, "एकटीनं राहणं सोपं नसतं." 

रविवार

परतीची बस तीनची. मी म्हणालो, एक वाजता स्टँडवर जाऊन बसू.

"दोन तास अगुदर जाऊन काय करायचं सर? बस धुवायची हाय?"

तिला यंत्रांचं संग्रहालय बघायचं होतं. जुन्या रेल्वे इंजिनांचं, छपाईच्या यंत्रांचं. खरं तर ते मलाच जास्त बघायचं होतं. पण परक्या शहरात गाडी चुकली तर काय, हा विचार सकाळपासून माझ्या मागं लागला होता. मी नाही म्हणालो. तिनं पाठीवर बॅग टाकली.

"तुमी जावा पुढं. मी येतो की वेळेवर."

"मी तुझ्या वडिलांना शब्द दिलाय."

"आण्णांस्नी दिलाय न्हवं, मला न्हाय," ती म्हणाली, आणि ट्राममध्ये चढली.

मी एक वाजता स्टँडवर पोचलो. फोनची बॅटरी पुलाचे व्हिडिओ काढण्यात सकाळीच संपली होती. दोन वाजले, अडीच वाजले. ती दिसेना. तेव्हा थोडा धीर धरला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं की ती चुकलीय, पडलीय, कुणीतरी तिची बॅग पळवलीय, आणि मी चौगुल्यांसमोर उभा आहे. पंचवीस मिनिटं उरली असताना मी तिला शोधायला निघालो. ट्राममध्ये बसलो. ती उलट्या दिशेची निघाली. उतरून, पळत, विचारत परत आलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि फलाट रिकामा होता.

शीतल तीनला पाच कमी असताना आली होती. ड्रायव्हरनं मोबाइलवरचं तिकीट बघून तिला आत घेतलं. मी वरच्या मजल्यावर पुढं बसलो असेन, असं तिला वाटलं. बस सुटली.

पुढची बस चारची होती. तिकीट काढताना खिडकीतल्या बाईनं पासपोर्ट मागितला. मी चेन उघडली, हात घातला, आणि दोन पासपोर्ट बाहेर आले.

 येताना तपासणी नव्हती. पण परत जर्मनीत शिरताना पोलीस बस थांबवतात, हे वर्गात सगळ्यांना बजावून सांगितलेलं होतं. आमचा व्हिसा पासपोर्टमध्येच चिकटवलेला. ती मुलगी सीमेकडं निघाली होती आणि तिची ओळख माझ्या कमरेला होती.

बसमध्ये सीटशेजारी चार्जिंगची सोय होती. फोन सुरू झाला तसे एकामागून एक निरोप आले.

सर कुठं हायसा

सर बस सुटाय लागली

सर वर पण बघितलं, तुमी न्हाईसा

मग अर्ध्या तासाची गॅप. मग:

सर, माझा पासपोर्ट बघितलासा काय कुठं

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "सर, पोलिसांनी खाली उतरवलंय. बस गेली. पासपोर्ट मिळंना. फोनवरचा फोटो दाखवला, चालत न्हाय म्हणत्यात." आवाज बारीक झाला होता. तिचा तसा आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता.

"पासपोर्ट माझ्याकडं आहे," मी म्हणालो.

"तुमच्याकडं?"

इथं खरं बोलायला दोन शब्द पुरे होते. माझ्या तोंडून निघालं, "तूच दिलेलास की ठेवायला. शुक्रवारी, काउंटरवर."

 "मी दिला?"

"विसरलीस."

 मग ती म्हणाली, "आसंल सर. मला काय आठवंनाच."

तिनं भांडायला हवं होतं. मला खात्री होती की भांडेल. ती माझ्यावर विश्वास ठेवेल ही शक्यताच माझ्या डोक्यात आली नव्हती. बाहेर नदीकाठानं डोंगर उतरत होते, सफरचंदाच्या बागा होत्या, चर्चचे निमुळते कळस होते. येताना या रस्त्यावर मी झोपलो होतो. आता एकेक झाड मोजल्यासारखं दिसत होतं आणि एकही बघवत नव्हतं.

सीमा ओलांडल्यावर आमचीही बस एका मोठ्या पार्किंगमध्ये वळवली. वर चढलेल्या पोलिसाला मी दोन्ही पासपोर्ट दाखवले. तो मला खाली घेऊन गेला. कडेला कंटेनरसारखी ऑफिसची खोली होती. आत शीतल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. समोरच्या टेबलावर तिची अख्खी बॅग मांडलेली होती. घडी घातलेले कपडे, कंगवा, औषधाची पट्टी, राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट, संग्रहालयातून आईसाठी घेतलेलं इंजिनाचं चित्र. रिकाम्या बॅगेचं अस्तरही तिनं उलटं करून बाहेर काढलं होतं. नंतर तिनं सांगितलं, चार वेळा सगळं काढून भरलं होतं.

ऑफिसातल्या पोलीसबाईंनी पासपोर्ट ताडून पाहिला आणि शीतलला सावकाश, एकेक शब्द तोडून समज दिली. मलाही अर्थ लागला. आपला पासपोर्ट आपल्याच अंगावर ठेवायचा. दुसऱ्याकडं द्यायचा नाही. शीतलनं मान खाली घालून माफी मागितली. मी तिच्या बाजूला उभा होतो.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सॉरी सर. माज्यामुळं तुमास्नी लई ताप झाला."

आणि मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

कोल्हापूर

उरलेले पाच आठवडे मी तिला बॅग तपासताना बघत होतो. वर्गातून निघताना तीन वेळा. जिन्यात एकदा. कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर ती परत येऊन ओढून बघायची. प्रात्यक्षिकात तिचं मोजमाप पहिल्या फटक्यात बरोबर यायचं, आता ती दोनदा मोजून मला विचारायची, "बरोबर हाय न्हवं सर?" मी बरोबर आहे म्हणायचो. दुसरं काही म्हणायचो नाही.

परत आलो. मित्रमंडळात फोटो दाखवले. लोक हसले, मी सांगत गेलो. दोन दिवसांनी चौगुल्यांचा फोन आला. मला वाटलं, तो हशा त्यांच्यापर्यंत पोचला, पण ते वेगळंच बोलत होते.

"सर, तिकडनं नोकरीचं पत्र आलंय. शुक्रवारपतूर उत्तर द्यायचं हाय. आन पोरगी नगं म्हणाय लागलीया."

"नको का?"

"म्हणती, मला एकटीला जमायचं न्हाय. साधा पासपोर्ट सांबाळाय आला न्हाय, म्हणती. मी म्हणलं, आगं चुकतं माणूस. ऐकंना. तुमी येऊन समजवा. तुमचं ऐकती ती."

त्या दिवशी मी जेवलो नाही. सुनीतानं काय झालं विचारलं तेव्हा सगळं तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "माझंही कार्ड तुमच्याच पाकिटात आहे," एवढंच म्हणाली. मी पाकीट काढून तिचं आधार कार्ड ओट्यावर ठेवलं. तिनं ते पिठाच्या हातानंच उचललं आणि फडताळात ठेवलं.

मंगळवारी दुपारनंतर मी स्कूटरवरून त्यांच्या गावी गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात चटई टाकलेली होती. चौगुले "या सर, या" म्हणत उठले. शीतलनं चहा आणला आणि समोर बसली. तिची आई मागं गोठ्यात होती, धारेची वेळ झाली होती.

"सांगा तिला आता तुमीच," चौगुले म्हणाले.

मी चहा खाली ठेवला. वाटेत पाठ केलेली सुरुवात आठवली नाही. "शीतल, तू मला पासपोर्ट दिला नव्हतास," मी म्हणालो. "काउंटरवरून मी उचलला. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. मग फोनवर खोटं बोललो."

ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हंजे मी विसरलो न्हवतो?"

"नाही."

"मग तवापास्नं मला येडं केलंसा की तुमी." आवाज चढला नव्हता. "रात्रीचं उठून दाराची कडी बघतोय मी. आईला विचारा."

मी म्हणालो, तुझ्या वडिलांना शब्द दिला होता म्हणून. वाक्य पुरं व्हायच्या आत चौगुल्यांनी हात वर केला.

"सर, मी पोरगीकडं ध्यान ठेवा म्हणलं हुतं. तिचं काय हाय ते काढून घ्या म्हणलं न्हवतं."

 मी चटईवरून उठून उभा राहिलो. वर्गात उत्तर न आलेली मुलं जशी उभी राहतात तसा.

"शीतल," मी म्हणालो, "तू काही विसरली नव्हतीस. चूक तुझी नव्हती, माझी होती. पोलिसांसमोर तू माफी मागितलीस, ती मी मागायला हवी होती. मला माफ कर."

 मग गोठ्याकडं तोंड करून तिनं हाक मारली. तिची आई पदराला हात पुसत दारात आली, एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत उभी राहिली.

"आईला ऐकाय आलं न्हाय सर," शीतल म्हणाली. "परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं. पहिल्यापासून, आणि मोठ्यानं.